शुजालपूरची बाई

नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागोमाग माझ्या नवऱ्याची कारकुनीही. मी सासूबाईंसोबत उज्जैनलाच, माधव नगरातल्या घरी राहिले. हे शनिवारी संध्याकाळच्या गाडीने यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. आमच्या वाट्याला यायची ती रविवारची दुपार. सासूबाई राम घाटावर प्रवचनाला गेल्या की दोन तास घर आमचं असायचं.

मी सव्वीस वर्षांची होते, लग्नाला सहा वर्षं झाली होती. तोवर आमचं ते सगळं सुरू झालं म्हणेतो संपलेलं असायचं. हे कूस बदलून घोरायला लागायचे आणि मी आढ्याकडे बघत पडायची. तक्रार कधी केली नाही. उलट वेळेवर एक समाधानाचा उसासा टाकायची. चांगल्या घरच्या बाईने एवढं करावं, अशी माझी समजूत होती.

भोपाळला जाऊन तीन-चार महिने झाले आणि हा माणूस बदलला. अगदी ऐन वेळी थांबायला लागला. हालचाल बंद, डोळे मिटलेले, श्वास सावकाश. थोड्या वेळाने पुन्हा सुरुवात, पुन्हा थांबणं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? चांगलंच बरं वाटत होतं. पण जितकं बरं वाटे तितका संशय वाढे. हे शिकवलं कोणी? सरकारी फायलींत तर असलं काही लिहिलेलं नसतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी कोटाचे खिसे तपासले. सुपारीची खांडं आणि गाडीची जुनी तिकिटं निघाली. कॉलर हुंगली, तर इंजिनच्या धुराचा वास.

मग एका रविवारी, असेच थांबलेले असताना, त्यांचे ओठ हलताना दिसले. मी कान दिला.

"शुजालपूर," ते पुटपुटले. अगदी हळू, जपून.

शुजालपूर! भोपाळच्या वाटेवरचं स्टेशन. म्हणजे ती तिथे राहते तर. पुढचा आठवडाभर मी त्या बाईला मनातल्या मनात इतकं नटवलं, की तिच्या हातातल्या बांगड्यासुद्धा मला दिसायला लागल्या. शनिवारी हे आल्यावर चहा देताना सहज विचारावं तसं विचारलं, "शुजालपूरला गाडी किती वेळ थांबते हो?"

"पाच मिनट. का गं?"

पाच मिनिटांत काय होतं, असं दुसरी कोणी म्हणाली असती. मला सहा वर्षांचा अनुभव होता. पाच मिनिटांत सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे थांबले, ओठ हलले, आणि मी त्यांना बाजूला लोटून उठून बसले.

"कोण आहे शुजालपूरला?"

"कोण म्हणजे?"

"तिच्या गावाचं नाव घेता तुम्ही. माझ्या पलंगावर!"

आधी त्यांना काही कळेना. मग कानापर्यंत लाल झाले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "स्टेशनं म्हणतो मी मनात. मक्सी, बेरछा, अकोदिया, शुजालपूर... ध्यान दुसरीकडे राहिलं की रुकता येतं. भोपाळपर्यंत पोचायचं ठरवलंय. अजून सीहोरच्या पुढे गेलो नाही."

मला हसू यायला हवं होतं. पण संशयाने धरलेलं मन असं सुटत नाही.

"आणि हे सुचवलं कोणी तुम्हाला?"

"तूच."

"मी? मी एक शब्द तरी बोलले का कधी?"

"तू तो झूठमूठचा उसासा टाकायचीस ना," ते म्हणाले, "आणि मग जागी राहायचीस. माझं घोरणंही तसलंच होतं. पण विचारणार कसं? शरम वाटायची."

सहा वर्षं खोटं मी बोलत होते आणि खिसे त्यांचे तपासत होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी रडले. लाजेने रडले, आणि सहा वर्षं शेजारी कोणी माझ्यासाठी जागं होतं हे मला कळलं नव्हतं, म्हणूनही रडले.

सासूबाईंना यायला अजून तासभर होता. मी डोळे पुसले आणि ह्यांना जवळ ओढलं.

"आता मोठ्याने म्हणा," मी म्हटलं. "गाडी कुठवर आली ते मलाही कळू दे."

त्यांनी मक्सीपासून सुरुवात केली. अकोदियाला मीच थांबायला सांगितलं, शुजालपूरलाही. मग सीहोर मागे पडलं, भोपाळच्या अलीकडचं बैरागढही मागे पडलं. त्या दुपारी उसासा टाकायची मला आठवणच राहिली नाही.