खांबावरचे दोन हात

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मी. शाळेतल्या सरांनी हात धरून शिकवलं, प्रत्येक गोष्टीचं कारण शोधायला लावलं. त्यामुळे अंगात येणं, भूतबाधा असल्या गोष्टींना मी कधी थारा दिला नाही... आजही देत नाही. तरीही हे लिहितोय.

१९८८ च्या सुमारास धुळ्यातल्या एका लहानशा संग्रहालयात मला नोकरी लागली. इंग्रजी अमलात साहेबलोक इथल्या चिताऱ्यांकडून जुनी देवळं, मशिदी, बारवा यांची चित्रं काढून घेत. तशा चित्रांवरची धूळ झटकायची, खाली माहिती लिहायची, हे माझं काम.

एका दुपारी एक गुंडाळी उघडली आणि... आमचं देऊळ! शिखराची डावीकडची भेग, पायरीवरचं दगडी कासव — तेच. भडगावकडचं आमचं गाव धरणात गेलं, त्याबरोबर देऊळही पाण्याखाली गेलं होतं. माझे हात आपोआप जोडले गेले.

"अहो बी.ए. साहेब, चित्र पुसायचं असतं, पुजायचं नसतं!" तिथले जुने कर्मचारी नाना हसले.

मग माझी नजर खांबावर गेली.

आमच्या गावात लेक सासरी निघाली की देवळाच्या खांबावर हळदीचा हात उमटवायची. पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की आधी देवळात जाऊन शेजारी दुसरा हात, मग घर. माझ्या थोरल्या बहिणीचा, सिंधूचा, एकच हात राहिला. आखाजीच्या आधीच ती सासरी तापाने गेली. तिचा साधा फोटोही आमच्याकडे नव्हता.

लहानपणी कडबा तोडताना सिंधूचं मधलं बोट अर्धं तुटलं होतं. चित्रातल्या खांबावर दोन पिवळे हात होते... दोन्हींचं मधलं बोट अर्धं.

"चिताऱ्याचा कुंचला घसरला असेल," नाना म्हणाले.

"दोनदा, नाना?"

पुढे पुण्याहून आलेल्या एका जाणकारांनी भिंगातून पाहिलं. तो पिवळा रंग चित्राइतकाच जुना होता, मागाहून कुणी लावलेला नव्हता. म्हणजे सिंधू जन्मायच्या कितीतरी आधीचा!

मी आईला धुळ्याला आणलं. लेकीचं काहीतरी तिच्या डोळ्यांना दिसावं, एवढंच मनात होतं. चित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग बोट पुढे केलं.

"हाऊ मनी सिंधूना हात शे."

"हात लावू नका हं, अक्का," नाना हळूच म्हणाले.

आईने बोट मागे घेतलं. तेवढ्यात तिला दुसरा हात दिसला. मला वाटलं, लेक आखाजीला आली होती हे पाहून तिच्या जिवाला थंडावा मिळेल. मी म्हणालो, "दख ना आई, ती उनी व्हती."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"देऊळलगून उनी... मंग घर काबरं नही उनी, बापू? मी तं दारमाच उभी व्हतू."

चित्राबद्दल कुणी विचारलं तर मी चार तर्क मांडतो, एकही मला पटत नाही. पण आईच्या त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, याचा तर तर्कसुद्धा सुचला नाही. आता आईही नाही.