केसांच्या गोळ्या आणि खुंट्याच्या शेळ्या

चहाचा घोट आधी पोटात जाऊ द्या, मगच ऐका. नाहीतर ठसका लागेल आणि तोही दोष माझ्याच माथी येईल. ज्या विषयात मी डॉक्टरेट मिळवली, त्याच विषयाने भर बैठकीत माझी अशी फजिती केली, की विचारू नका!

विषय होता प्रकाश देणाऱ्या रासायनिक क्रियांचा. दोन रसायनं भेटतात, आग नाही, धूर नाही, आणि उजेड पडतो. काजवा हेच करतो, तेही बिनपगारी. मी जन्मभर कॉलेजात हे शिकवलं आणि जन्मभर धास्तावलेला राहिलो, की आपल्याला हे खरंच कळलंय का? कुलूप लावल्यावर चार पावलं जाऊन परत येतो आणि कडी ओढून पाहतो, असा मी माणूस!

तर झालं असं, नातवाचं लग्न जमलं. मुलगी डोणगावची. तिचे आजोबा नामदेवराव, भाजीपाल्याचे व्यापारी, माझ्याच वयाचे. पण केस! इतके दाट, की पावसात भिजले तरी डोक्याला उशिराच कळावं. आणि माझं डोकं तुम्ही पाहताच आहात. साखरपुड्याच्या फोटोत आम्ही दोघे शेजारी बसणार होतो.

मी गुपचूप केसांच्या गोळ्या आणल्या. बाटली इसबगोलाच्या डब्यात दडवली. त्या डब्याला घरात दुसरं कोणी हात लावत नाही.

त्यातच आमच्या मंडळींनी, म्हणजे सुमनबाईंनी, हट्ट धरला, "घरात कार्य हाय, रक्त तपासून घ्या बरं एकदा." मेहकरात रक्त दिलं, ते खामगावच्या लॅबमध्ये गेलं. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "सर, थायरॉइड फारच वाढलेलं दिसतंय. कुठली औषधं, गोळ्या चालू आहेत का?"

शेजारी सुमन बसलेली. मी म्हणालो, "छे! काहीच नाही." मनात म्हटलं, केसांचं व्हिटॅमिन म्हणजे काय औषध आहे?

"मग धावपळ नको. आणखी तपासण्या करू."

झालं! घरी येईपर्यंत मला सगळी लक्षणं सुरू झाली. छातीत धडधड, हाताला कंप, अंगाला घाम. मे महिन्यात मेहकरात कोणाला घाम येत नाही, असं विचारू नका. मला आलेला घाम आजाराचाच होता! सुमन शिरा करून घालू लागली. खोटं कशाला बोलू, आजारपण बरं चाललं होतं.

पण मुलाने साखरपुडा पुढे ढकलायचं ठरवलं. नातू बिचारा मोबाइल हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारू लागला. ते कळताच नामदेवराव पिशवीभर वांगी घेऊन स्वतः आले.

"काय सर, हे काय होऊन राह्यलं? मले तं तुम्ही ठणठणीत दिसता. मशीनच चुकली असन!"

माझा विषय, आणि मशीन चुकेल? मी ताठ बसलो.

"नामदेवराव, तपासणी प्रकाशावर चालते. प्रकाश खोटं बोलत नाही!"

"कसा काय? मले समजून सांगा."

"असं समजा, थायरॉइडला हाकणारं रक्तातलं हार्मोन म्हणजे शेळ्या. थायरॉइड वाढलं, की या शेळ्या घटतात. मशीन शेळीच्या गळ्यात दोरी बांधते. दोरीला आकडा. आकडा खुंट्यात अडकवायचा. मग सगळं धुऊन काढायचं. बांधलेल्या शेळ्या तेवढ्या उरतात. त्यांच्यावर रसायन टाकलं, की उजेड पडतो. जेवढा उजेड, तेवढ्या शेळ्या!"

"आयला! भारीच हाय!"

दाद मिळाली आणि मी वाहवत गेलो. "आणि तो आकडा कशाचा असतो माहीत आहे? साध्या व्हिटॅमिनचा. त्याचं नाव बायोटीन—"

मी थांबलो. हेच नाव इसबगोलाच्या डब्यातल्या बाटलीवर ठळक छापलेलं होतं.

म्हणजे माझ्या रक्तात नुसते मोकळे आकडेच आकडे! सगळे खुंटे त्यांनीच अडवले. शेळ्या धुऊन गेल्या, उजेड पडला नाही आणि शेळ्या घटल्या म्हणजे थायरॉइड वाढलं, असा भलताच हिशेब लागला.

"थांबले काऊन?" सुमनने विचारलं. माझं लेक्चर ती पहिल्यांदाच इतकं लक्ष देऊन ऐकत होती. नेमकं आजच!

दारात नातू उभा होता. गप्प राहिलो तर त्याचा साखरपुडा जाणार होता. बोललो तर माझी अब्रू.

"मी... एक गोळी घेतो," मी पुटपुटलो.

"कायची गोळी?"

"केसांची."

नामदेवरावांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग अगदी काळजीने म्हणाले,

"सर... कोणते केस?"

सुमन पदर तोंडावर धरून आत पळाली. तिचं हसणं स्वयंपाकघरातून बराच वेळ ऐकू येत होतं. शिरा त्याच दिवशी बंद झाला.

डॉक्टरांना खरं सांगितलं. गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. थायरॉइड एकदम ठीक! धडधड, कंप, सगळं रिपोर्ट वाचता वाचताच गेलं. घाम तेवढा राहिला.

साखरपुडा ठरल्या दिवशीच झाला. नामदेवराव आणि मी शेजारी बसलो. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला.

"आबा, टोपी घालता का जरा? तुमच्या डोक्यावरून उजेड वापस येऊन राह्यला!"

मागून सुमनचा आवाज आला, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असा:

"येईनच. प्रकाश खोटं बोलत नाई!"