अक्काला मी दिलेला सल्ला

कडक भाकरी चोरून खाता येत नाही, हे सोलापुरात अर्धा जन्म काढूनही मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. तुकडा मोडला की आवाज होतो आणि चावला की त्याहून मोठा. म्हणून मी ती दह्यात बुडवून मऊ करून खायचो, तीही बायको देवळात गेली असताना, ओट्याशी उभा राहून. आणि त्याच तोंडानं कुर्डुवाडीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला फोनवर सांगायचो, की शिजवलेलं अन्न मी सोडलंय आणि अंग कसं हलकं झालंय.

मी एका शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. परीक्षानळ्या धुणं, रसायनं मोजून ठेवणं, पोरांनी फोडलेल्या काचा वेचणं हे माझं काम. पण आमच्या घराण्यात सायन्सच्या खोलीत पाऊल टाकलेला मी पहिलाच, त्यामुळे ‘सहायक’ हा शब्द सगळ्यांनी सोयीनं गाळून टाकला. मीही तो कधी जोडायला गेलो नाही. अक्काच्या घरात भिंतीवर माझा पांढऱ्या कोटातला फोटो आहे, हातात नळी धरलेला. नळीत जांभळं पाणी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तो दाखवते आणि म्हणते, “माझा भाऊ सायन्सचा हाय.”

अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. केमला आमचं घर होतं. आई दिवसभर शेतात, त्यामुळे मला कडेवर घेऊन अक्काच फिरली, आणि त्यापायी तिची शाळा चौथीतच सुटली. पुढं ती लग्न होऊन कुर्डुवाडीला गेली. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता, तो गेला, आता मुलगा तिथंच आहे. तिला दहा वर्षांपासून साखर. रोज सकाळी एक गोळी. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

निवृत्त झाल्यावर मला कुणी काही विचारेना. तशात एका मित्रानं शहरातल्या एका मंगल कार्यालयात कच्च्या आहाराच्या शिबिराला नेलं. बोलणारा माणूस साठीचा होता म्हणे, पण दिसायला पंचेचाळीसचा. पांढरेशुभ्र दात, केस काळे कुळकुळीत. दोन तास तो पाणी न पिता बोलला. अन्नाला आग लागली की अन्न मेलं, चूल म्हणजे अन्नाची चिता, असं काय काय. गुडघे असोत, रक्तदाब असो, साखर असो, उपाय एकच. मागच्या रांगेतली एक बाई उठून आपण कुठल्या गोळ्या घेतो ते सांगू लागली, तर त्यानं हात वर केला. “गोळ्यांचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.” सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

तीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट ओरडून सांगितली होती. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय झाकण काढायचं नाही. लेबल निघालेली बाटली मी शाळेत ठेवूनच घेत नसे, मग आत साधं मीठ का असेना. आणि इथं एक माणूस समोरच्या बाईचं लेबल वाचायलाच तयार नव्हता, तरी मी टाळ्या वाजवत होतो. तो इतक्या ठामपणे बोलत होता, की त्याला कुणी काही विचारावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच ठामपणे बोलायचं होतं. कुणीतरी समोर बसून ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केलं. मोड आलेली मटकी, काकडी, बीट, गाजर, भिजवलेले शेंगदाणे. ताटाचा फोटो काढून मोबाईलवर स्टेटसला टाकला. बायको म्हणाली, “खा बापडे. घरात एक शेळी पुरे, मी आपली भाकरी थापते.” चार दिवस निभावले. पाचव्या दिवशी दुपारी डब्यातली कडक भाकरी दिसली, शेजारी शेंगाचटणीची बरणी, आणि माझं ब्रह्मज्ञान तिथंच संपलं. त्यानंतर दिवसा ताटात काकडी आणि बायकोच्या पाठीमागं भाकरी, असा क्रम लागला. स्टेटस मात्र रोज पडत होतं. तेवढी सवय काही सुटली नाही.

नवव्या दिवशी अक्काचा फोन आला. सुनेनं तिला माझे फोटो दाखवले होते.

“तू कच्चंच खायलास म्हणं. मीबी करू का रे? साखर लई वाढलीय.”

इथं मी एक वाक्य बोलायला हवं होतं. आधी डॉक्टरला विचार, एवढंच. त्याऐवजी मी खुर्चीत ताठ बसलो आणि म्हणालो, “कर की. मी सांगतो तसं कर.”

“तू सोता केलंयस न्हवं?”

“म्हणजे काय? करतोच आहे.”

“मग झालं. तू केलंयस म्हंजे भ्या न्हाय.”

तेवढ्यात फोन सुनेनं घेतला. ती दहावीपर्यंत शिकलेली, कमी बोलणारी मुलगी. म्हणाली, “मामा, आईंची सकाळची साखरेची गोळी हाय की. जेवन कमी झाल्यावर ती तेवढीच घ्यायची का? डॉक्टरांना इचारून येऊ का?”

अख्ख्या प्रकरणात शहाणा प्रश्न हा एकच होता, आणि तो तिनं विचारला होता. मी म्हणालो, “डॉक्टर गोळ्याच देणार, दुसरं काय देणार? तुला यातलं काय कळतं? तू काकड्या चिरायचं बघ.” तिनं फोन अक्काकडं दिला.

मग मी उंटावरून शेळ्या हाकायला बसलो. सकाळी हे, दुपारी ते, रात्री फक्त फळ. अक्का सगळं मनापासून करत होती. शाळा सुटलेली बाई अभ्यास मिळाल्यासारखी करते तशी. संध्याकाळी फोन करून काय काय खाल्लं ते मला सांगायची, आणि मी ‘छान, छान’ म्हणायचो.

आठ-दहा दिवस गेले असतील. दुपारची वेळ, बायको देवळात. मी नुकताच दही-भाकरीचा मोठा घास तोंडात घातला होता आणि फोन वाजला. अक्का होती.

“चक्कर यायलीय रे मला. हात थरथरायलेत, घाम सुटायलाय. असं व्हतंय का ह्याच्यात?”

माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला. पुरता खाली जाईना म्हणून वर घोटभर पाणी प्यायलो. पलीकडं ती थांबली होती. मग मी शिबिरातलं वाक्य जसंच्या तसं तिला दिलं.

“होतं तसं. शरीरातली घाण बाहेर पडतेय. चांगलं लक्षण आहे ते. चार दिवस कळ काढ.”

“तुलाबी झालतं का?”

“झालं होतं.”

“मग काय न्हाय,” ती म्हणाली. तिचा आवाज एकदम निवांत झाला. फोन ठेवून मी वाटीतली उरलेली भाकरी खाल्ली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बहिणीला थरथरत ठेवून मी ती संपवली, आणि ती मला गोडही लागली.

तिसऱ्या दिवशी अक्का कुर्डुवाडी स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर पडली. आमच्याकडंच यायला निघाली होती. सकाळी नेहमीची गोळी घेतली होती आणि पोटात होती फक्त काकडी. साखर एकदम उतरली. कुणा भल्या माणसानं तिच्या तोंडात साखरेचा चहा घातला म्हणून ती शुद्धीवर राहिली. उजवं मनगट मोडलं. भाच्यानं तिला सोलापूरच्या दवाखान्यात आणलं.

मी पोचलो तेव्हा तिच्या हाताला पट्टी बांधली होती. खाटेखाली तिची पिशवी होती. भाचा म्हणाला, “मामा, ह्यात तुमच्यासाठी काय तरी हाय.” मी पिशवीतला डबा उघडला. ओल्या फडक्यात बांधलेली मोड आलेली मटकी होती. लांबसडक मोड, एकेक दाणा निवडलेला. अक्का पडल्या पडल्या म्हणाली, “बाजारातली नगं खाऊस. शिळी असती.”

मग डॉक्टर आले. रिपोर्ट बघून म्हणाले, “आजी, गोळी चालू ठेवून जेवण बंद? असं करायला कुणी सांगितलं तुम्हाला?”

अक्कानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग छताकडं पाहत म्हणाली, “मोबाईलमधी बघितलं.”

डॉक्टर मोबाईलवर चिडले. आणि मी, तिच्या उशाशी उभा असलेला तिचा सायन्सचा भाऊ, मान हलवत म्हणालो, “हल्ली लोक काहीही बघतात आणि करतात.”

हे वाक्य मी बोललो. कुणी बोलायला लावलं नव्हतं. खाटेच्या पायथ्याशी सून उभी होती. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि अक्काच्या पायावरची चादर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी आहाराचं बघणारी एक तरुण मुलगी आली. मी मनात म्हटलं, हिला काय अनुभव असणार. ती स्टूल ओढून अक्काजवळ बसली आणि बराच वेळ तिनं काही सांगितलंच नाही, नुसतं विचारलं. गोळी कुठली, किती वाजता घेता, उठता कधी, दात किती शाबूत आहेत, किडनीची तपासणी कधी झाली, स्वयंपाक कोण करतं, काय आवडतं. उत्तरं लिहून घेतली. मग म्हणाली, काकडी, गाजर, कोशिंबीर खुशाल खा, चांगलंच आहे, पण भाकरीसोबत. मटकी वाफवून घ्या. आणि खाण्यात मोठा बदल करायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते गोळीचं बघतील. अक्कानं तिला एका काढ्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, “हे मला नक्की माहीत नाही. विचारून येते.” आणि खरंच उठून विचारून आली.

मंगल कार्यालयातल्या त्या दोन तासांत ‘माहीत नाही’ हे शब्द एकदाही आले नव्हते. माझ्या फोनवरच्या सल्ल्यांतही नव्हते. कुणाचं ऐकावं हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. तो आधी विचारतो का आणि अडला तर अडलो म्हणतो का, एवढं बघितलं तरी पुरे. माझ्याकडं ही अक्कल होती. शाळेत ती मी रोज वापरत होतो. घरी आल्यावर मी ती खुंटीला टांगली, कोटासारखी.

आठवड्यानंतर मी कुर्डुवाडीला गेलो. हात गळ्यात अडकवून अक्का पलंगावर बसली होती. सून खाली बसून शेंगा फोडत होती. अक्कानं उशीखालून दवाखान्यातल्या त्या आहाराच्या मुलीनं लिहून दिलेला कागद काढला आणि माझ्यापुढं धरला.

“हे जरा वाच. तू बरोबर हाय म्हणलास तरच खाते. तवर मी काय सुरू केलं न्हाय, नुसत्या दूध-भाकरीवर हाय.”

तिनं मला चिडून काही विचारलं असतं तर मी सांभाळून घेतलं असतं. तशी उत्तरं गाडीत बसल्यापासून तयार होती. पण कागद हातात आला आणि मला एक ओळ वाचता येईना.

“अक्का,” मी म्हणालो, “मी भाकरी खात होतो.”

“कवा?”

“पाचव्या दिवसापासनं. तू सुरू करायच्या आधीपासनं.”

सुनेचे हात थांबले. अक्का पलंगावर पुढं सरकली.

“आन चक्कर? तुलाबी आलती म्हणलास की.”

“आली नव्हती. तू फोन केलास तेव्हासुद्धा माझ्या तोंडात भाकरीचा घास होता.”

मला वाटलं ती रडेल किंवा मला जा म्हणेल. तिनं तसं काही केलं नाही. तिला काहीतरी आठवत होतं, ते जुळवून बघत होती.

“व्हय,” ती म्हणाली. “तू लगीच बोलला न्हाईस तवा. लई येळ गप होतास.” मग थांबून म्हणाली, “मला वाटलं, इचार करून सांगायलाय.”



तिनं चांगला हात पुढं केला, माझ्या हातातून तो कागद काढून घेतला आणि सुनेकडं दिला.

“तू वाच गं. सावकाश वाच.”

सुनेनं शेंगांची टरफलं झटकली, हात पदराला पुसले आणि अक्षर अक्षर लावत वाचायला सुरुवात केली. मी तिथंच बसून ऐकत राहिलो.