माझं वाक्य पुरं होईना

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या घरात कलेक्टर राहायला आला. म्हणजे माझा नवरा. होता तो कलेक्टर कचेरीत कारकून, पण नव्या जिल्ह्याचा सगळा कारभार आपल्याच डोक्यावर आहे असा त्याचा पक्का समज. त्यातून पडला दुष्काळ. मग काय विचारता! कुणी तोंड उघडलं की याचं उत्तर तयार, आणि ते हमखास पाण्याचं. डोकं दुखतंय म्हटलं, तर टँकर उद्या येतोय. आईला बरं नाही म्हटलं, तर उमरीकडच्या विहिरींना अजून पाणी आहे, काळजी करू नको. माझी आई तिकडं उमरीला, माहेरी, तापानं फणफणलेली आणि हा इकडं विहिरीत डोकावून राहिला.

अशात मला लांब बिलोलीच्या एका शाळेत नोकरी मिळत होती. येते की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. "मला बिलोलीला" इथपर्यंत मी कितीदा तरी पोचले. दर वेळी पुढचं वाक्य त्यानं हिसकावून घेतलं. एकदा म्हणाला, तिकडं ऊन कडक. एकदा म्हणाला, पगार तो कितीसा. एकदा तर भरल्या ताटावर मला बदलीचे नियम समजावून सांगितले. असा संताप यायचा, वाटायचं आमटीची वाटी उपडी करावी याच्या डोक्यावर.

सासूबाईंची तऱ्हा वेगळी. त्यांना कुणी प्रेमळ म्हटलं असतं तर त्यांनाच हसू आलं असतं. पण नळावरच्या रांगेत घागरीशेजारी बसल्या बसल्या त्यांनी अख्ख्या गल्लीच्या पोटातलं काढून घेतलं होतं. करायच्या काहीच नाहीत. समोरचीकडं बघत गप बसायच्या, ती थांबली की "मग?" एवढंच विचारायच्या. बायका नवऱ्याला जे सांगायच्या नाहीत ते यांना सांगून मोकळ्या व्हायच्या. दयामाया काही नाही हो, या बाईला गोष्ट अर्धी राहिलेली खपायची नाही.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली. मी पुन्हा सुरुवात केली, मला बिलोलीला... नवऱ्यानं सुपारी गालात सरकवली आणि नेहमीसारखा सुरू झाला. तेवढ्यात तूर निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या,

"आरं, तिचं झालं का बोलून?"

तो गप्प झाला. चक्क गप्प. दोघंही माझ्या तोंडाकडं बघून राहिली.

आणि माझी पंचाईत झाली. वाक्याच्या पुढच्या अर्ध्यापर्यंत मी कधी गेलेच नव्हते ना! पगार, अनुभव, पुढंमागं लातूरला येता येईल, असं बरंच काही रचून ठेवलं होतं, पण ते भांडायला. आता भांडायलाच कुणी नव्हतं. यानं मधे तोंड घातलं तर बरं, असं जन्मात पहिल्यांदा वाटलं.

"मला तिथं एकटीनं राहून बघायचंय," मी म्हणाले, आणि हे मलाही तेव्हाच कळलं.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. नवऱ्यानं विचारलं,

"माझा कंटाळा आला का तुला?"

लग्न झाल्यापासून, उत्तर ठाऊक नसताना त्यानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आवाजात कचेरी नव्हती. मला एकदम त्याची माया आली, खोटं बोलून टाकावं असंही वाटलं. सोमवारी माझा होकार त्यानंच पोस्टात टाकला, पण ते नंतरचं. त्या दुपारी तो माझ्याकडं बघत खरंच थांबला होता.

"हाव," मी म्हटलं. "लई आलाय. बसा, सांगते."