रुग्णवाहिकेतला कट्टा

ती दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. अकोट भागातल्या एका पोलीस ठाण्याची मी तेव्हा प्रभारी होते. डबा उघडणार एवढ्यात ठाणे अंमलदार फोन घेऊन आत आला.

"मॅडम, एक बाई ओरडून राहिली. म्हणते, सरकारी रुग्णवाहिकेत कट्टा हाय."

कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. मी फोन कानाला लावला.

"म्याडम, माही सून बाळंतपनाची हाय. कळा चालू हायत. तिले गाडीत निजवलं, डाक्टरनं पेटी उघडली, त त्यात थे दिसलं! आमी उतरून गेलो, अन गाडी अकोल्याकडे निंगून गेली."

"सून आता कुठे आहे?"

"रस्त्यावर, मायबाई! येनाऱ्या टेम्पोले हात दाखवून राहिलो."

"तिथेच थांबा. जीप पाठवते."

"थांबाले टाइम नाई बाई," म्हणून तिने फोन ठेवला.

तू परवा विचारलंस, "आजी, आमच्या रुग्णवाहिकेवरच्या लोकांना अंगात घालायचं, मार अडवणारं जाड जॅकेट देणार आहेत, काही जण हत्यारही मागताहेत, तुला काय वाटतं?" माझं उत्तर या एका प्रकरणातून आलेलं आहे. अग्निशमन दलातल्या तुझ्या भावालाही वाचायला दे. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही.

एक जीप त्या बाईच्या दिशेने धाडली, तिच्यासाठी दुसरी रुग्णवाहिका मागवली आणि मी स्वतः अकोला रस्त्यावर नाकाबंदी लावली. ज्या गाडीला आम्ही एरवी शिट्ट्या मारून वाट करून देतो, तिच्याचपुढे बॅरिकेड ओढताना शिपाईसुद्धा घुटमळले. गाडी मुकाट्याने थांबली. आत दोघेच होते. चालक पन्नाशी ओलांडलेला, इथलाच. डॉक्टर तिशीचा, अमरावतीचा. कोपऱ्यावरचा चहावाला आणि एक शिक्षक पंच म्हणून बोलावले आणि झडती घेतली.

कट्टा सापडला तो नवजात बाळाच्या पेटीत. बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर त्याला श्वास द्यायची छोटी पिशवी आणि मास्क त्या पेटीत असतात. त्यांच्याखाली गॉजमध्ये गुंडाळलेला कट्टा होता. गॉज एका बाजूने सरकून मूठ उघडी पडली होती. सोबत जिवंत काडतुसं. पंचनामा करून दोघांना ठाण्यात आणलं.

दोघांनीही कानावर हात ठेवले. गाडी तीन पाळ्यांत चालते, पेटीला कोणाचाही हात लागू शकतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या शिपायांचा संशय चालकावर होता, कारण पूर्वी मारामारीच्या एका गुन्ह्यात त्याचं नाव आलेलं होतं. मी त्याला समोर बसवलं.

"कट्टा कोणाचा?"

"माहा नाई."

"मग काय उडत आला?"

"म्याडम, माहा असता त शिटाखाली ठेवला असता. मांगं काहून ठेवू? लोकायचा मार त मले समोर बसूनच खा लागते."

"मार? कसला मार?"

डॉक्टरला बसवलं होतं त्या खोलीकडे पाहून तो म्हणाला, "त्यायलेच इचारा."

मी जप्त केलेलं गॉज पुन्हा पाहिलं. त्यावर दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी होती आणि पट्टीचं टोक किंचित आत दुमडलेलं होतं. माझ्या सासूबाईंना पाठीला जखमा झाल्या तेव्हा ड्रेसिंगला येणारी सिस्टर प्रत्येक पट्टीचं टोक असंच दुमडायची. हातमोजे घातले की चिकटलेलं टोक सापडत नाही, म्हणून.

डॉक्टरला बोलावलं. एक फाटलेला कागद आणि चिकटपट्टीचं रीळ त्याच्यापुढे ठेवलं. "हा जरा जोडून द्या." त्याने पट्टी फाडली, कागदावर बसवली आणि टोक दुमडलं. मग स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिला.

"त्याला सोडा मॅडम. त्याला काहीच ठाऊक नाही," एवढंच आधी म्हणाला.

पुढचं हळूहळू आलं. काही महिन्यांपूर्वी अकोला रस्त्यावरच्या एका अपघातात जखमी माणूस गाडी पोचायच्या आतच गेला होता. नातेवाइकांनी उशीर झाला म्हणून याला खाली ओढून लाथांनी तुडवलं. बरगड्या मोडल्या. मध्ये पडलेल्या चालकालाही मार बसला. तक्रार द्यायला गेला तर आमच्याच खात्यातल्या कोणीतरी सांगितलं, त्यांच्या घरी मयत झालीय, मिटवून टाका. त्याने जॅकेट मागितलं. त्याच्या कार्यालयात हसले. "तुम्ही काय सरहद्दीवर जाताय?" मग त्याने कट्टा विकत घेतला.

"चालवणार होतात?"

"नाही. जवळ आहे, एवढं पुरत होतं."

तेवढ्यात वायरलेसवर निरोप आला. जीपने टेम्पो गाठला होता, पण बाळ टेम्पोतच जन्मलं होतं. रडलं नव्हतं. दुसरी रुग्णवाहिका अजून आली नव्हती, जीपमधून दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. आई वाचली.

डॉक्टरने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. "बाळ?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने वाद घातला नाही, वकील मागितला नाही. "पिशवी माझ्याकडे होती," एवढंच पुटपुटला.

शस्त्र अधिनियमाखाली मी गुन्हा नोंदवला. दुसरा मार्ग नव्हता आणि असायलाही नको. चालकाला सोडलं. डॉक्टरची नोकरी गेली.

काही दिवसांनी त्या सासूचा जबाब घ्यायला मी तिच्या गावी गेले. मी विचारलं, "कट्ट्याची भीती वाटली म्हणून उतरलात ना?"

"नाई म्याडम. कट्टा आमी पाह्यला हाय. थो डाक्टर पोरीशी गोड बोलून राहिला होता. पन थे दिसलं अन मनात आलं, याले आमचंच भेव हाय. ज्याले आमचं भेव, त्याच्या हाती सून कशी देऊ?"

तीस वर्षं माझ्या कमरेला रिव्हॉल्व्हर होतं. मी घरात शिरले की माणसं आधी कमरेकडे बघायची, मग चेहऱ्याकडे. पोलिसाचं त्यावर भागतं. तुझं आणि आग विझवणाऱ्यांचं भागणार नाही. तुमच्या हाती लोक आपलं माणूस देतात ते चेहरा बघून.

तेव्हा जॅकेट घे. कोणी हसलं तरी घे, शर्टाच्या आतून घाल. मोडलेल्या बरगडीने कोणाचा जीव वाचवता येत नाही. हत्यार मात्र मागू नकोस. जिथे ते लागेलसं वाटेल तिथे पोलीस बोलाव, आणि पोलीस आला नाही तर त्याच्या वरिष्ठांना जाब विचार, नोकरी पणाला लागली तरी विचार. त्या डॉक्टरने न्याय मागितला तेव्हा आम्ही त्याला घरी पाठवलं होतं. दोषारोपपत्र मीच लिहिलं. कट्टा कोणी घेतला, कुठे ठेवला, सगळं त्यात आलं. त्याला तो घ्यायला कोणी लावलं, हे लिहायला त्यात कुठेच जागा नव्हती.