ठेवणीतलं आभाळ

समजा, लष्कराच्या एक अधिकारी तुमच्यासमोर बसल्या आहेत. टेबलावर तुम्हीच काढलेला लग्नाचा फोटो आहे. नवरानवरीच्या डोक्यावर, तांबूस आभाळाच्या उजव्या कोपऱ्यात, मसुराच्या दाण्याएवढे पाच पांढरे दिवे तिरक्या ओळीत दिसतायत. तुम्हाला एवढंच सांगायचंय, की हा फोटो कधी आणि कुठं काढला. काम सोपं. पण कोल्हारचा फोटोग्राफर कानिफनाथ मघापासून चष्माच पुसत बसला होता.

बावीस वर्षं तो लग्नाचे फोटो काढत होता. पंचक्रोशीत म्हणायचे, कानिफचा अल्बम म्हणजे पुरावा. कोण पहिल्या पंगतीला बसलं, कोण रुसून उठलं, सगळं त्यात सापडतं. तेवढं नाव त्यानं कमावलं होतं.

हा फोटो गावातल्या गोरक्षनाथच्या मुलीच्या, संस्कृतीच्या लग्नातला. गोरज मुहूर्त. लग्नाआधीच गोरक्षनाथ म्हणाला होता, "कानिफभाऊ, फोटूवर तुमचं नाव टाकू नका. पोरगी माझी, जाहिरात तुमची कशाला?" म्हणून दरवेळी वरच्या उजव्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत छापायचा तो स्टुडिओचा शिक्का यंदा पहिल्यांदाच गाळला. दाराएवढा फोटो बैठकीत लागला आणि पाहुण्यांना त्या कोपऱ्यात दिवे दिसले. फोटोचा फोटो गावभर फिरला. आठव्या दिवशी, हे दिवे कसले ते तपासायला, लष्कराची गाडी स्टुडिओपुढं उभी राहिली.

गोरक्षनाथ बोलावल्याशिवायच आला. खुर्ची ओढून म्हणाला, "मॅडम, आमच्या मांडवावर आले हुते ते. सगळ्या पाहुन्यांनी पाह्यलंय."

"लग्नात पाहिलं की फोटोत?" मॅडमनी विचारलं.

गोरक्षनाथ चहाकडं बघू लागला.

"त्या संध्याकाळी आमचा सराव नव्हता," मॅडम कानिफनाथला म्हणाल्या. "विमानाची नोंद नाही. पण मला कोडं वेगळंच पडलंय. त्या दिवशी दुपारपासून आभाळ भरलेलं होतं. तुमच्या फोटोतले ढग कुठं गेले?"

कानिफनाथनं बायकोकडं पाहिलं. सविता कपबशा गोळा करत होती. ती हळूच म्हणाली, "सांगा की. तुमी न्हाई सांगितलं तर मी सांगन."

खोटं बोलावं तर लष्कराची दिशाभूल. खरं बोलावं तर बावीस वर्षांचं नाव मातीत.

"आभाळ त्या दिवसाचं न्हाई," तो म्हणाला. "राखेसारखं हुतं. मग मी माझ्याकडचं ठेवणीतलं लावलं. दोन हजार एकोणीसचं. प्रवरेच्या पुलावरून काढलेलं."

गोरक्षनाथ उठून उभा राहिला. "म्हंजी माझ्या पोरीच्या लग्नाला दुसऱ्याच दिवसाचं आभाळ? किती जनांना लावलं असलं?"

"तुमच्याआधी एक्केचाळीस."

"व्हय? मग जेवनावळीत मानसं तरी आमचीच हायेत का, का तीबी ठेवणीतली?"

सविताला हसू आवरेना. मॅडम मात्र पुढं सरकल्या. "मूळ फोटो आहे?"

कानिफनाथनं तो उघडला. नदीपलीकडं मावळती, खाली पाणी. उजवा कोपरा त्यानं मोठा केला, अजून मोठा केला, आणि माउसवरचा त्याचा हात थांबला.

पाच दिवे. तिथंच. तिरक्या ओळीत.

सहा वर्षं कानिफनाथ हे आभाळ उचलून मांडवांवर पसरत होता, आणि दरवेळी स्वतःच्या नावानं नेमका तोच कोपरा झाकत होता. एक्केचाळीस घरांच्या भिंतींवर त्याच्या सोनेरी अक्षरांखाली ते पाचही जण बसून होते. गोरक्षनाथसुद्धा भांडण विसरून खाली बसला.

मॅडमनी फाइलची प्रत घेतली, कॅमेरा नोंदवला, पुलावर जाऊन दिशा मोजली. महिनाभरानं त्यांचा फोन आला. विमान नाही, ग्रह नाही, भिंगाचा दोषही नाही. ओळख पटली नाही, एवढंच कागदावर लिहिलं होतं.

आता कानिफनाथ राखी आभाळ राखीच ठेवतो. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणतो, "तुमच्या लग्नाला हेच आलं हुतं." गोरक्षनाथनं फोटो उतरवलेला नाही.

पण संध्याकाळी स्टुडिओ बंद केला की कानिफनाथ पुलावर थांबतो. दोन हजार एकोणीसच्या त्या दिवशी रंग चढायची वाट पाहत तो इथंच स्टँड लावून उभा होता, सविता शेजारी शेंगा सोलत होती. रंग उजवीकडूनच चढत होता, म्हणून अर्धा तास त्यानं आभाळाच्या त्या कोपऱ्यावरनं नजर हलवली नव्हती. मग कॅमेऱ्याला जे दिसलं, ते त्याला का दिसलं नाही?