आहेर मागणारी फ्लॉपी

तो दुकानात आला तरी कधी बसायचा नाही. शेवगावात लग्नपत्रिका करून द्यायचं माझं दुकान होतं आणि कॉम्प्युटर नवाच घेतलेला. एसटीतून उतरून तो थेट माझ्याकडे यायचा, रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी शर्टाच्या खिशातून काढायचा आणि उभ्यानंच कीबोर्डवर वाकायचा. मराठी टाईप करायचा प्रोग्रॅम त्यानं स्वतः लिहिला होता आणि दुकानोदुकानी तो फुकट देत हिंडायचा. काम करताना त्याचा एक पाय सारखा हलत असायचा. मागवलेला चहा तसाच गार व्हायचा.

प्रोग्रॅम सुरू केला की आधी त्याची सूचना यायची: ‘वापरा, दुसऱ्यालाही द्या. उपयोग झाला तर खुशीनं आहेर करा. पुढचं काम त्यावरच चालतं.’

रोज सकाळी ती वाचून मला चुटपुट लागायची. किती दिलं म्हणजे बरं दिसेल, ते ठरेना.

“किंमत सांगून टाका ना एकदाची,” मी म्हणालो.

“लग्नात जेवायच्या आधी कुनी दर सांगतं का?” तो म्हणाला. “पर नोकरी सोडलीय मी. कुनीच न्हाई दिलं तर हे बंद करावं लागंल.”

पडद्यावर एक पत्रिका उघडी होती. तिची शेवटची ओळ त्यानं वाचली: ‘कृपया आहेर आणू नये.’ त्याचा पाय थांबला.

“ही ओळ लई जण टाकत्यात?”

“बहुतेक सगळेच.”

“मंग लोक आनत न्हाईत?”

“आणतात की. नको म्हटलं तरी आणतात.”

“आन मी तर करा म्हनतोय,” तो म्हणाला आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसला.